पांढरा चुना: गिधाडं, कोंबडीची पिल्लं आणि एक वेदनाशामक गोळी

आजचा भाग जरा घाणेरड्या ठिकाणाहून सुरू करूया. स्कूटीच्या सीटवर कावळ्याने किंवा कबुतराने केलेली घाण तुम्ही कधीतरी पुसली असणारच. नीट बघितलं असेल तर त्यात दोन रंग असतात. मधे काळपट-हिरवट, आणि भोवती पांढरं. काळपट भाग ही विष्ठा. पांढरा भाग ही पक्ष्याची लघवी.

आपली किडनी रक्तातला नको असलेला नायट्रोजन युरियाच्या रूपात पाण्यात विरघळवून बाहेर टाकते. पक्ष्यांना एवढं पाणी अंगावर वागवणं परवडत नाही, उडायचं असतं. म्हणून त्यांचं शरीर त्याच कचऱ्याचं युरिक ॲसिड करतं आणि किडनी ते जवळजवळ कोरड्या पेस्टसारखं बाहेर ढकलते. मस्त डिझाइन आहे. फक्त एक अडचण आहे: किडनी बंद पडली की ही पेस्ट बाहेर जायच्या ऐवजी आतच साचायला लागते. हृदयावर, यकृतावर, पोटाच्या पडद्यावर. मेलेला पक्षी उघडून बघितला तर आतल्या अवयवांवर कुणी चुना शिंपडलाय असं वाटतं. याला गाऊट म्हणतात. माणसाला अंगठ्याच्या सांध्यात होतो तो गाऊट याच घराण्यातला, पण हा पोटातला आणि बहुतेक वेळा जीवघेणा.

आजची गोष्ट या चुन्याची आहे. तो आधी गिधाडांच्या पोटात सापडला, मग प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांच्या, आणि आपल्या ब्रॉयलरच्या पिल्लांच्या पोटात सापडला तेव्हा त्याचं उत्तर भलतंच निघालं.

सुरुवात औषधापासून. डायक्लोफेनॅक हे स्वित्झर्लंडच्या सिबा-गायगी कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी बनवलं आणि 1973 च्या सुमारास बाजारात आलं. सूज उतरवणारं, दुखणं थांबवणारं, स्टेरॉइड नसलेलं. आपल्याकडे 1970 च्या पेटंट कायद्यानुसार औषधाच्या रेणूवर नाही, फक्त तो बनवायच्या पद्धतीवर पेटंट मिळायचं. म्हणजे वेगळ्या रस्त्याने तेच औषध बनवलं तर चालायचं. त्यातून भारतात स्वस्त औषधांचा मोठा धंदा उभा राहिला. चिंचणीच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. बोईसरला तारापूर एमआयडीसीत बल्क ड्रग बनवणारे कारखाने आहेत, सकाळच्या शिफ्टला आपल्याच गावातून रिक्षा आणि बस भरून जातात. गुडघेदुखीच्या स्वस्त गोळ्या मिळाल्या त्या या धंद्यामुळे, आणि त्याबद्दल मी तरी तक्रार करणार नाही.

नव्वदच्या दशकात हेच औषध जनावरांसाठी आलं. बैलाचा खांदा सुजला, गाईची कास दगडासारखी झाली, म्हैस लंगडते आहे, की एक इंजेक्शन. संध्याकाळपर्यंत जनावर उभं राहायचं. लावणीच्या दिवसात बैल बसून राहणं म्हणजे काय ते शेतकऱ्याला विचारा. औषध स्वस्त होतं, काम करत होतं, आणि जनावराला त्याचा मोठा त्रास दिसत नव्हता.

आता माझ्या धंद्याच्या भाषेत सांगते. या औषधाचं टेस्टिंग दोन यूजरवर झालं होतं, माणूस आणि गुरं. दोन्ही सस्तन. तिसरा यूजर, म्हणजे ते मेलेलं जनावर खाणारा पक्षी, टेस्ट केसमध्ये नव्हताच. थेट प्रॉडक्शनमध्ये आला.

राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश गिधाडांची घरटी मोजत होते. 1987-88 च्या हंगामात पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांच्या 353 जोड्या होत्या. नव्वदच्या मध्यात ते परत मोजायला गेले तेव्हा निम्म्यासुद्धा उरल्या नव्हत्या, आणि पुढच्या काही वर्षांत शून्य. झाडांवर माना खाली टाकून बसलेली गिधाडं दिसायची आणि काही दिवसांनी त्याच झाडांखाली मेलेली. 1999 मध्ये त्यांनी हे सोसायटीच्या जर्नलमध्ये छापलं. हे जर्नल मुंबईतून, फोर्टातल्या हॉर्नबिल हाउसमधून निघतं. म्हणजे जगाला या आपत्तीची पहिली नीट लिहिलेली खबर चर्चगेट स्टेशनपासून चालत जाता येईल अशा इमारतीतून गेली. पुढे 2007 मध्ये छापलेल्या देशभराच्या मोजणीत आकडा आला: 1992 च्या तुलनेत पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं 99.9 टक्के कमी. हजारातलं एक उरलं.

मुंबईच्या पारशी समाजाला हे कुणी मोजून दाखवायची गरज पडली नाही. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत गिधाडं येईनाशी झाली आणि शेवटी सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले. आपल्या किनाऱ्यावर, संजाणपासून डहाणू-तारापूरपर्यंत, पारशी आणि इराणी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्यासाठी हा पर्यावरणाचा नाही, अंत्यसंस्काराचा प्रश्न होता.

तर, कोण मारतंय? त्या काळातला सगळ्यात लोकप्रिय संशयित होता व्हायरस. साथ पसरल्यासारखीच दिसत होती, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात. कीटकनाशकांवरही संशय होता. हरियाणात पिंजोरला आजारी गिधाडांसाठी केंद्र उभं राहिलं. व्हायरस शोधायचं काम जोरात सुरू होतं.

उत्तर मिळालं सीमेपलीकडे, पाकिस्तानच्या पंजाबात. अमेरिकेतले पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांची टीम तिथे मेलेली गिधाडं उघडून बघत होती. 259 पैकी 219 गिधाडांच्या पोटात तो चुना होता. व्हायरस शोधला, नाही. जिवाणू, नाही. कीटकनाशक, जड धातू, नाही. मग त्यांनी एक गोष्ट केली जी मला आजही फार आवडते. ते मायक्रोस्कोपवरून उठले आणि पशुवैद्यक व औषध दुकानदारांकडे गेले. प्रश्न साधा होता: गुरांना देता ते असं कुठलं औषध आहे, जे तोंडावाटे पोटात गेलं तरी रक्तात उतरतं आणि किडनीला मारू शकतं?

उत्तर एकच निघालं. मग तपासणी. गाऊटने मेलेल्या 25 गिधाडांच्या किडनीत डायक्लोफेनॅक बघितलं, पंचवीसच्या पंचवीसमध्ये सापडलं. दुसऱ्या कारणांनी मेलेल्या 13 मध्ये बघितलं, एकातही नाही. त्यानंतर औषध दिलेल्या जनावराचं मांस पिंजऱ्यातल्या गिधाडांना खायला घातलं, आणि पोटात तोच चुना. 2004 च्या सुरुवातीला हे ‘नेचर’मध्ये आलं.

डीबगिंग करणाऱ्या कुणालाही ही रचना ओळखीची वाटेल. आधी कोरिलेशन, मग कंट्रोल ग्रुप, मग बग मुद्दाम पुन्हा घडवून दाखवणं. पण एक शंका उरते: देशातल्या सगळ्या गुरांना थोडंच इंजेक्शन दिलं जातं? त्याचं गणितही त्याच वर्षी मांडलं गेलं. गिधाडांची संख्या एवढ्या वेगाने पडायला शेकडा एकाहूनही कमी मेलेल्या जनावरांत घातक प्रमाणात औषध असणं पुरे होतं. का, तर गिधाडं एकेकटी जेवत नाहीत. एका मेलेल्या म्हशीवर शंभर जण उतरतात. पुढे प्रत्यक्ष यकृतांचे नमुने तपासले तेव्हा दर दहातल्या एकात औषध सापडलं.

इथपर्यंतची गोष्ट तुमच्यातल्या काहींनी ऐकलेली असेल. कोंबडी इथून पुढे येते, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

2004 नंतर लगेच दोन प्रश्न उभे राहिले. एक, औषध पक्ष्याच्या शरीरात नेमकं करतं काय? दोन, हे फक्त गिधाडांना होतं की सगळ्या पक्ष्यांना? पण प्रयोगासाठी गिधाड आणायचं कुठून? जी जात हजारातली एक उरली आहे तिच्यावर प्रयोग करायला कोण परवानगी देईल? मग नेहमीप्रमाणे कोंबडी पुढे झाली. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या विद्यापीठात विनी नायडू आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये दाखवलं की कोंबडीच्या किडनीत डायक्लोफेनॅक तेच करतं जे गिधाडाच्या किडनीत करतं, फक्त मात्रा खूप जास्त लागते. म्हणजे गिधाडासाठी कोंबडी हे चालण्यासारखं स्टेजिंग सर्व्हर आहे. 2008 मध्ये पाकिस्तानातल्या फैसलाबादच्या कृषी विद्यापीठाने चार पक्षी घेतले: ब्रॉयलरची पिल्लं, कबुतर, जपानी लावा आणि साळुंकी. ब्रॉयलरच्या पिल्लांना आणि कबुतरांना जास्त फटका बसला, लावा आणि साळुंकी त्या मानाने टिकून राहिल्या. त्याच वर्षी अमेरिकेत तिथल्या टर्की व्हल्चरला हे औषध दिलं. आपल्या गिधाडाला मारणाऱ्या मात्रेच्या शंभरपटीहून जास्त देऊनही त्याला काही झालं नाही. नाव व्हल्चर असलं तरी ते आपल्या गिधाडांचं जवळचं नातेवाईक नाही. पण नातं लांब की जवळ यावरून तरी कुठला पक्षी वाचेल हे कुठे सांगता येतं? कोंबडी आणि लावा एकाच कुटुंबातले, आणि तरीही त्यांच्यात फरक पडला.

औषध करतं काय, तर दोन गोष्टी. सूज उतरवण्यासाठी ते प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांना अडवतं. पण किडनीतला रक्तप्रवाह सांभाळणारी रसायनंही हीच. शिवाय किडनीच्या नळ्यांमधल्या पेशी युरिक ॲसिड बाहेर ढकलतात, त्या पेशींना ते थेट इजा करतं. गिधाडाचं यकृत हे औषध फार हळू मोडतं, म्हणून ते रक्तात रेंगाळतं आणि पेशींना मरायला वेळ मिळतो. कोंबडी ते लवकर मोडते, म्हणून ती थोडी मात्रा पचवते. थोडी.

आता मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडा. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडाला दर किलो वजनामागे 0.1 ते 0.2 मिलिग्रॅम डायक्लोफेनॅक दिलं तर निम्मी मरतात. कोंबडीसाठी हाच आकडा साधारण 10 मिलिग्रॅम. म्हणजे कोंबडी पन्नास ते शंभर पट टणक. आता 5 किलोचं गिधाड घ्या: जीवघेणी मात्रा अर्धा ते एक मिलिग्रॅम. आणि 100 ग्रॅमचं पिल्लू घ्या: एक मिलिग्रॅम. बघितलंत? टणकपणाचा सगळा फायदा वजनाने खाऊन टाकला. इकडे झाडाच्या शेंड्यावरचं अवाढव्य गिधाड, तिकडे मुठीत मावणारं पिल्लू, आणि दोघांसाठी रक्कम एकच. माणसाची नेहमीची गोळी असते 50 मिलिग्रॅमची. पन्नास पिल्लांची एक गोळी.

हे पाटीवरचं गणित आहे, आकडा कोंबडीचा आणि वजन पिल्लाचं, हे लक्षात ठेवा. पण कोवळ्या पिल्लाची किडनी मोठ्या कोंबडीहून बळकट असेल असं मानायला काहीच कारण नाही, उलटच.

आणि म्हणून हा भाग करतेय. आपल्या भागात, चिंचणीच्या वाड्यांमध्ये असो की डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर, गावठी कोंबडी हे घरातल्या बाईचं बँक खातं आहे. एक कोंबडी खुडूक बसते, दहा-बारा पिल्लं काढते. त्यातली काही घार नेते, काही मुंगूस. उरली ती मोठी झाली की कुणाच्या वह्या, कुणाचं दवाखान्याचं बिल. पिल्लं पंख पाडून कोपऱ्यात पेंगायला लागली की काय करायचं? पशुवैद्यकीय दवाखाना लांब, आणि चार पिल्लांसाठी डॉक्टरला बोलवायचं कसं, हीपण लाज. घरात असते ती तापाची किंवा अंगदुखीची गोळी. ती चुरून पाण्यात. मोजमाप नाही, जिला तहान जास्त ती जास्त पिते. आणि दुसऱ्या दिवशी पिल्लू मेलं तर कुणी म्हणत नाही की गोळीने मेलं. मानमोडी आली म्हणतात. कधीकधी खरंच मानमोडी असते, आणि तिला तर गोळीचा काही उपयोगच नाही. तिला लस लागते, आधी.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे पोटात चुना दिसला की औषधाचा गुन्हा पक्का. नाही. 2011 आणि 2012 मध्ये भारतातल्या ब्रॉयलर फार्मवर गाऊटच्या साथी आल्या. काही कळपांत 40 टक्क्यांपर्यंत पिल्लं गेली. हजारांची बॅच असेल तर चारशे पिल्लं, आणि फार्म चालवणारा बहुधा कर्ज घेतलेला तरुण पोरगा. अशा वेळी नेहमीचे संशयित ठरलेले असतात: खाद्यात प्रोटीन जास्त झालं, कॅल्शियम जास्त झालं, मीठ जास्त झालं, पाणी कमी पडलं, नाहीतर कुठल्यातरी औषधाने किडनी गेली. हे सगळं खरंच गाऊट करू शकतं. पण पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजमधल्या संशोधकांनी मेलेल्या पिल्लांमधून एक व्हायरस वेगळा काढला, चिकन ॲस्ट्रोव्हायरस. तो निरोगी पिल्लांना टोचला आणि त्यांना गाऊट झाला. 2013 मध्ये हे प्रसिद्ध झालं.

गंमत बघा. गिधाडांच्या वेळी सगळे व्हायरस शोधत होते आणि निघालं औषध. पिल्लांच्या वेळी संशय खाद्यावर, पाण्यावर, औषधावर जावा अशी परिस्थिती आणि निघाला व्हायरस. चुना तोच. चुन्याकडे बघून फक्त एवढं कळतं की किडनी मेली. कुणी मारली ते कळत नाही. ओक्स असोत की पुण्याची टीम, दोघांनीही शेवटी एकच काम केलं: संशयिताला निरोगी पक्ष्यात घालून गुन्हा पुन्हा घडवून दाखवला.

आता कायद्याकडे पटकन येते. 2006 साल आठवा, म्हणजे तुमच्यातले बरेच तेव्हा बालवाडीत असाल. फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला, भारतातला पहिला. टीव्हीवर दिवसरात्र कोंबड्या पुरताना दाखवत होते, चिकनचे भाव कोसळले. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्राच्या औषध नियंत्रकांनी जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद करायचा आदेश काढला. पहिली बातमी सगळ्यांना माहीत झाली, दुसरी किती जणांना? 2008 मध्ये राजपत्रात बंदी पक्की झाली. ‘जनावरांसाठी’ या शब्दात बैलही आला आणि कोंबडीही.

पण माणसांसाठी औषध चालूच होतं, आणि ते 30 मिलिलिटरच्या मोठ्या बाटलीत मिळायचं. माणसाला एका वेळी 3 मिलिलिटर लागतं. मग 30 ची बाटली कुणासाठी? म्हशीसाठी, अर्थात. ही पळवाट बंद व्हायला 2015 उजाडलं, तेव्हा इंजेक्शन फक्त एका मात्रेच्या 3 मिलिलिटरमध्ये विकायचा नियम आला. दरम्यान भावंडं बाजारात आली होती. किटोप्रोफेन गिधाडांना मारतं हे 2009 मध्ये दिसलं, बंदी 2023 मध्ये. असिक्लोफेनॅक गाईच्या शरीरात गेलं की त्याचं डायक्लोफेनॅकच होतं, म्हणजे नाव बदलून तोच माणूस. त्यावरही बंदी 2023 मध्ये. निमेसुलाइडवर डिसेंबर 2024 मध्ये. दर वेळी तीच साखळी: आधी विकायचं, मग पक्षी मरणार, मग संशोधन, मग काही वर्षांनी कागद. विकायच्या आधी पक्ष्यावर चाचणी करा, हा नियम अजून रुळलेला नाही, आणि मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट ही आहे. कारण चांगलं उदाहरण समोर आहे. मेलॉक्सिकॅम गिधाडांवर तपासलं गेलं, सुरक्षित निघालं, 2006 मध्ये छापून आलं. गुरांचं दुखणंही त्याने थांबतं. मात्र गिधाडाला सुरक्षित म्हणजे पिल्लाच्या पाण्यात अंदाजाने टाकायला मोकळीक, असा अर्थ काढू नका.

गिधाडं गेल्याची किंमत माणसांनीही मोजली. अनंत सुदर्शन आणि एयाल फ्रँक या अर्थशास्त्रज्ञांनी 2024 मध्ये अंदाज मांडला की 2000 ते 2005 या काळात भारतात यामुळे सुमारे 5 लाख जादा मृत्यू झाले. सडणारी जनावरं, दूषित पाणी, वाढलेली कुत्री, रेबीज. हा हिशोब मॉडेलवरचा आहे, त्यावर वाद घालता येईल, पण दिशा कुणी नाकारत नाही.

कोकणात गिधाडं संपूर्ण संपलेली नाहीत. रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला स्थानिक लोकांनी त्यांची घरटी सांभाळली आहेत. पालघरच्या किनाऱ्यावर मात्र आमच्या पिढीने गिधाड पाहिलंय ते पुस्तकात नाहीतर रीलमध्ये.

पिल्लांचं काय करायचं ते सांगून थांबते, कारण व्हॉट्सॲपवर तुम्ही तेच विचारणार. पेंगणाऱ्या पिल्लाला माणसाची दुखण्याची गोळी नको, पाव तुकडासुद्धा नको. ऊब द्या, स्वच्छ पाणी ठेवा आणि ते संपू देऊ नका, कारण पाणी कमी पडलं तरी किडनीवरच येतं. एकाहून जास्त पिल्लं मेली तर एक मेलेलं पिल्लू पिशवीत बांधून, थंड ठेवून, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या आणि उघडून बघा म्हणा. डॉक्टर हसणार नाहीत. आणि आत पांढरं दिसलं तर आधी काय काय पाजलं होतं ते सगळं सांगा, गोळीसुद्धा.

पुढच्या भागात आपल्याच गावात सापडलेले ताम्रपट: इसवी सन 926, राष्ट्रकूटांचं राज्य, आणि संजाणचा कारभार बघणारा एक अरब अधिकारी.